कळ पायातून कमरेत आली, आता योग करू का?

प्रश्न : ताई, माझं वय ४७. तीन महिन्यांपूर्वी कमरेतून डाव्या पावलापर्यंत कळ जाऊ लागली. एमआरआयमध्ये एल४-एल५, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकल्याचं निघालं. फिजिओथेरपीनंतर कळ मांडीपर्यंतच येते, पण कमर आधीपेक्षा जास्त दुखते. गेली वीस वर्षं मी पहाटे उठल्या उठल्या बारा सूर्यनमस्कार आणि पश्चिमोत्तानासन (पाय लांब करून पुढे वाकणं) करत होतो. योगशिक्षक म्हणतात, फिजिओचं मशीन सोडा, आसनांनीच बरं वाटेल. फिजिओ म्हणतात, योग बंद. कुणाचं ऐकू?

उत्तर : तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंय ना, ती बरं होण्याची खूण आहे. पावलातली कळ वर सरकत कमरेशी गोळा होते, त्याला आम्ही सेंट्रलायझेशन म्हणतो. त्या काळात कमर थोडी जास्त ठणकली तरी चालतं. उलट, कमर शांत झाली पण कळ पोटरीत उतरली, तर तो व्यायाम तुमच्यासाठी चुकीचा, मग तो कुणीही सांगितलेला असो. म्हणून रोज व्यायामानंतर कमरेला नाही, पायाला विचारायचं.

आता पहाटेचं. गादीच्या आत मऊ गर असतो आणि भोवती चिवट कडं. पुढे वाकलं की गर मागे, नसांच्या बाजूला ढकलला जातो. रात्रभर आडवं राहिल्यावर गादी पाणी शोषून फुगते. सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा टम्म गादीवर उठल्या उठल्या बारा नमस्कार म्हणजे चोवीस वेळा पुढे वाकणं आलं. पहाटेची वेळ पवित्र असेल, पण गादीला ते कुठे माहीत असतं! उठल्यावर पहिला तासभर वाकायचं नाही, अगदी चपला उचलायलासुद्धा.

मग करायचं काय? पालथं झोपून कोपरांवर टेकायचं, आणि ते जमलं की भुजंगासन. यावर तुमचे फिजिओ हसतील, कारण ते यालाच प्रेस-अप म्हणतात. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडे १९५६ मध्ये पायात कळ असलेला एक रुग्ण डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला. थोड्या वेळानं ते परत येऊन बघतात, तर पायातली कळ गेलेली. त्यांची पुढची सगळी पद्धत तिथून उगवली. फरक एवढाच की भुजंगासनात पाठीच्या स्नायूंनी उचलून थांबतात. प्रेस-अपमध्ये जोर हातांचा, कमर सैल, आणि दहा वेळा वर-खाली. सध्या तुम्ही दुसरा प्रकार करा. पहिल्यांदा मात्र फिजिओंच्या समोरच. काहींना, विशेषतः मणक्यातली जागा अरुंद झालेल्यांना, मागे वाकल्यावरच पाय जास्त दुखतो.

हे सगळं मी शहाणपणानं शिकले असं समजू नका. माझी स्वतःची गादी सरकली तेव्हा सहाव्या आठवड्यात, ‘मला तर सवय आहे’ म्हणत हलासन केलं, म्हणजे पाठीवर झोपून पाय डोक्यामागे नेले. दीड महिन्याची कमाई एका आसनात गेली, अंगठा पुन्हा बधिर.

योगातलं एक मात्र आजपासूनच घ्या. दुखण्याच्या धास्तीनं कमरेचे स्नायू आवळून बसतात आणि कितीही मोजून व्यायाम केला तरी ते सुटत नाहीत. गुडघ्यांखाली उशी घेऊन शवासन आणि संथ, लांब उच्छ्वास, दहा मिनिटं. अनुलोम-विलोमही पडूनच, कारण मांडी घालून बसल्यावर गादीवरचा दाब वाढतो. कपालभाती सध्या नको. पाय शांत झाला की सेतुबंधासन, म्हणजे उताणं झोपून गुडघे वाकवून कमर उचलणं; फिजिओंच्या भाषेत ब्रिजिंग.

पाऊल वर उचलता येईनासं झालं, लघवी अडकली किंवा बसण्याच्या जागी बधिर वाटलं, तर आसन नको, मशीन नको. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

सूर्यनमस्कार शेवटी परततील. पश्चिमोत्तानासन त्याच्याही नंतर. तेही गुडघे वाकवून, संध्याकाळी.

आणि हो, योगशिक्षकांना एमआरआयचा रिपोर्ट दाखवलाय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.