एअर फिल्टर बदलला की ताकद वाढते का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: माझ्या गाडीला १.२ लिटरचं, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) नसलेलं पेट्रोल इंजिन आहे. कागदी फिल्टर काढून त्या जागी तेल लावलेला कापडी ‘परफॉर्मन्स’ फिल्टर बसवला, तर ताकद किती वाढेल? खोक्यावर दहा टक्क्यांपर्यंत असं छापलंय.

उत्तर: ‘पर्यंत’ या शब्दात शून्यही येतं. एक टक्का मिळाला तरी पुष्कळ, आणि तोही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन शेवटच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) नेल्यावर. हिशेब करून बघा. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो, म्हणजे तुमचं इंजिन फेरीमागे ०.६ लिटर हवा घेतं. ६,००० आरपीएमला हे झाले मिनिटाला ३,६०० लिटर. सिलिंडर काही काठोकाठ भरत नाहीत. ८५ टक्के धरले तर साधारण ३,००० लिटर. एवढी हवा स्वच्छ कागदातून जाताना तिचा दाब सहसा एक किलोपास्कलच्या आसपासच घटतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब असतो १०१ किलोपास्कल. म्हणजे फिल्टर काढूनच टाकला तरी जास्तीत जास्त एक टक्का हाती लागेल, आणि नवा फिल्टरही त्यातलं थोडं खाणारच. हवेची खरी अडवणूक पुढे असते, हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) वाटांत आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी. तिथे फिल्टरचा काही संबंध नाही.

पैसे घालण्याआधी मोजून बघा. पारदर्शक बारीक नळी यू आकारात फळीवर बांधा, दोन्ही बाजू निदान एक मीटर उंच ठेवा आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. नळी आखूड असेल तर पाणी इंजिनात ओढलं जाईल, तेव्हा तिथे काटकसर नको. फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची पाकळी असलेला भाग) यांच्या मधल्या होजला एक बारीक निपल बसवून नळीचं एक टोक त्याला जोडा, दुसरं मोकळं सोडा. ही चाचणी डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही बाजूंच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक दिसला, तर घट झाली जवळपास एक किलोपास्कल. फरक ३० सेंटिमीटर निघाला तर फिल्टर तुंबलाय किंवा वाटेत काही अडकलंय, आणि त्यावर नवा कागदी फिल्टरही तेवढाच गुणकारी आहे. काम झालं की निपलला घट्ट बूच लावायला विसरू नका.

प्रश्न: ताकद राहू दे, मायलेज तरी वाढेल ना?

उत्तर: नाही. रोजच्या चालवण्यात पेट्रोल इंजिनाची हवा अडवते ती थ्रॉटलची पाकळी, आणि ती मुद्दामच अडवते. गाडी जागेवर सुरू असते तेव्हा मॅनिफोल्डमधला (पाकळीपुढच्या, सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमधला) दाब ३०-३५ किलोपास्कल इतका खाली असतो. फिल्टरने थोडी जास्त अडवणूक केली तर पाकळी किंचित जास्त उघडते आणि हवा तेवढीच राहते. ईसीयू (इंजिनाचा संगणक) मोजलेल्या हवेनुसार पेट्रोल सोडतो, त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रणही बिघडत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं होतं. इंजेक्शनच्या गाड्यांत मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरनेही मायलेजमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. पूर्ण थ्रॉटलला गाडी वेग घ्यायला मात्र जास्त वेळ लावू लागली. ‘फिल्टर साफ, तर मायलेज झकास’ हा सल्ला कार्बोरेटरच्या (इंजेक्शनच्या आधी पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या साध्या यंत्राच्या) काळातला आहे. तेव्हा तो बरोबर होता.

प्रश्न: मूळ एअरबॉक्स (फिल्टरची बंद पेटी) काढून बोनेटखाली उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर बसवला. आवाज मस्त येतो, पण ट्रॅफिकमध्ये गाडी आधीपेक्षा मंद वाटते. असं का?

उत्तर: कारण आता इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढतंय. मूळ बॉक्सचं तोंड बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या वर किंवा बाजूला, समोरच्या गार हवेत काढलेलं असतं. तुमचा कोन एक्झॉस्टच्या धगीत बसलाय. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली की ३०३ भागिले ३३३, म्हणजे घनता नऊ टक्क्यांनी कमी. शिवाय गरम हवेने नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) होऊ नये म्हणून ईसीयू स्पार्क मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, तो तोटा वेगळाच. फिल्टरमधून जेमतेम एक टक्का वाचवायचा आणि इथे नऊ घालवायचे, असा हा व्यवहार आहे.

ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) इनटेक हवेचं तापमान बघा. चालत्या गाडीत ते बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंश जास्त असलं तर ठीक. सिग्नलला ते तीस अंशांनी चढत असेल आणि गाडी निघाल्यावरही पटकन उतरत नसेल, तर दोष जागेचा आहे. कोन ठेवायचाच असेल तर त्याच्याभोवती पत्र्याची पेटी करा, तिच्या वरच्या काठाला रबर लावून ते बोनेटला टेकू द्या आणि समोरच्या जाळीपासून ७०-७५ मिलिमीटरचा पाईप त्या पेटीत आणा. एवढं सगळं केल्यावर तुमच्या लक्षात येईल की आपण मूळ एअरबॉक्सच पुन्हा बनवला.

आवाजाबद्दलही बोलायला हवं, कारण बहुतेक लोकांना ‘वाढलेली’ ताकद कानांनीच जाणवते. मूळ पाईपला जोडलेले रिकामे डबे दिसतात ते रेझोनेटर, ठरावीक आवाज मारण्यासाठी बसवलेले. ते काढले की इंजिन गुरगुरतं आणि गाडी जोरात पळतेय असं वाटतं. खात्री करायची तर रिकाम्या, सपाट, बंदिस्त ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० किलोमीटर वेगाला लागणारा वेळ जीपीएसने घ्या. दोन्ही दिशांना तीन-तीनदा, आधी जुना फिल्टर, मग नवा, मग पुन्हा जुना. शेवटचा जुना पहिल्या जुन्याशी जुळला नाही, तर चाचणीच बाद समजा. डायनोचा कागद दाखवणाऱ्याला एकच विचारा, बोनेट उघडं होतं का? उघड्या बोनेटसमोर मोठा पंखा लावला की कोन फिल्टरला रस्त्यावर कधीच न मिळणारी गार हवा मिळते.

प्रश्न: नवं इनटेक बसवल्यापासून ‘चेक इंजिन’चा दिवा लागतोय. कोड पी ०१७१, मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदला म्हणतात.

उत्तर: आत्ताच बदलू नका. काम झाल्यावर कोड आला, तर आधी त्याच कामात खोट शोधा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) दोनदा बघा, एकदा आयडलला (गाडी जागेवर सुरू असताना) आणि एकदा २,५०० आरपीएमला. आयडलला अधिक वीस टक्के आणि २,५०० ला शून्याजवळ असेल, तर हवेची गळती आहे. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे क्रँककेस ब्रीदरची (इंजिनाच्या तळातली वाफ इनटेकमध्ये आणणारी) होज परत न जोडणं किंवा तिचं जुनं निपल उघडं राहणं. त्यानंतर सैल क्लॅम्प आणि कपलरमध्ये (पाईप जोडणाऱ्या नळीत) अर्धवट शिरलेला पाईप.

उलट, आरपीएम आणि भार वाढेल तसा ट्रिम वाढत असेल, तर एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) हवा कमी मोजतोय. त्याची दोन कारणं. पहिलं, फिल्टरचं जास्तीचं तेल सेन्सरच्या तारेवर बसलंय. सेन्सर काढून एमएएफचाच क्लीनर लांबून फवारा, तारेला बोट किंवा बड लावू नका आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. कार्बोरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर इथे वापरू नका. दुसरं कारण, पाईपचा व्यास. सेन्सर फक्त आपल्याजवळून जाणाऱ्या हवेचा वेग ओळखतो. एकूण हवा किती, हे ईसीयू मूळ पाईपच्या व्यासावरून ठरवतो. ६५ मिलिमीटरच्या जागी ७० चा पाईप आला की क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी वाढतं, त्याच प्रवाहाचा वेग घटतो आणि नोंद १४ टक्के कमी होते. मंद चालवताना ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू त्याचं ऐकत नाही. तेव्हा खरोखर पातळ मिश्रण जळतं, आणि पिस्टनला धोका असतो तो नेमका तिथे. उपाय दोन: मूळ व्यासाची सेन्सर-नळी वापरा किंवा नव्या व्यासासाठी ईसीयू ट्यून करून घ्या. ज्या इंजिनात एमएएफ नसतो, फक्त मॅनिफोल्ड दाबाचा सेन्सर असतो, तिथे व्यासाची ही भानगड येत नाही.

प्रश्न: कापडी फिल्टर धूळ जास्त सोडतो म्हणतात. खरं काय? आणि तो धुवायचा कसा?

उत्तर: फिल्टर तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ ५०११ म्हणून ओळखली जाते. त्या चाचणीत फिल्टरने किती टक्के धूळ अडवली तो आकडा डब्यावर नसेल, तर फिल्टर घेऊ नका. आकडे वाचताना उलटे वाचा. ९९.५ आणि ९८ टक्के हे जवळपास सारखे वाटतात, पण पहिला शंभरातले अर्धा ग्रॅम सोडतो आणि दुसरा दोन ग्रॅम, म्हणजे चौपट. हीच वाळूची बारीक पूड पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं अस्तर) घासते. घरच्या घरी तपासायचं तर फिल्टरच्या पुढच्या पाईपमध्ये पांढरं फडकं फिरवा. करकरीत धूळ निघाली तर एक तर फिल्टर सोडतोय किंवा त्याची कड नीट बसलेली नाही. ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करत असाल, तर सिलिकॉनचा (म्हणजे धुळीचा) आकडा वाढतोय का बघा.

धुताना क्लीनर फवारून दहा मिनिटं थांबा, वाळू देऊ नका. मग नळाच्या हलक्या धारेने स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवा. सावलीत पूर्ण वाळवा. कॉम्प्रेसरची हवा आणि हेअर ड्रायर दोन्ही नको. प्रत्येक घडीच्या माथ्यावर तेलाची एकच बारीक रेघ ओढा, वीस मिनिटं मुरू द्या, कोरडी राहिलेली जागा तेवढी भरा. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर सेन्सरवर. कागदी फिल्टर तर धूही नका आणि जोराच्या हवेने फुंकूही नका. कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात.

प्रश्न: टर्बो डिझेलला तरी फायदा होतो का?

उत्तर: थोडा, तोही ट्यून केलेल्या गाडीत. मूळ गाडीत ईसीयू ठरावीक बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मागतो; फिल्टर जड असला तर टर्बो जरा जास्त फिरून तो पुरवतो. बूस्ट वाढवलेला असेल आणि टर्बो आपल्या मर्यादेजवळ चालत असेल, तर मात्र अलीकडची अडवणूक भोवते, कारण टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या आधीची घट प्रेशर रेशोने (टर्बो दाब किती पट करतो त्याने) गुणली जाते. रेशो दोन असेल तर अलीकडचे दोन किलोपास्कल पलीकडे चार होतात.

प्रश्न: कोल्ड एअर इनटेकचा (बाहेरची गार हवा आणणाऱ्या पाईपचा) फिल्टर बंपरच्या आत, खाली असतो. पावसाळ्यात काही अडचण?

उत्तर: पावसाच्या थेंबांची नाही, साचलेल्या पाण्याची. तेवढ्याच १.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचं गुणोत्तर) १० धरला तर पिस्टन वर गेल्यावर उरते ती जागा ३३ सीसी. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे दोन-अडीच टेबलस्पून पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पावसाळ्यापुरता मूळ बॉक्स बसवा. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. गाडी ढकलून बाहेर काढा, फिल्टर ओला आहे का बघा. ओला असेल तर सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा, मगच इंजिन काही सेकंद फिरवून पाणी बाहेर उडू द्या. ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय सुरू करू नका.

प्रश्न: इनटेक पाईपमध्ये बसवायचा छोटा इलेक्ट्रिक पंखा मिळतो. तो टर्बोसारखं काम करतो का?

उत्तर: नाही. पहिल्या उत्तरातलेच ३,००० लिटर घ्या. त्यांचा दाब दहा किलोपास्कलने वाढवायचा तर आदर्श स्थितीतही ५०० वॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर ४० अँपिअरहून जास्त. हा पंखा दोन-चार अँपिअर घेतो. पूर्ण थ्रॉटलला तो हवेच्या वाटेत आडवा येतो, आणि पातं तुटलं तर ते थेट थ्रॉटलकडे जातं.