देव दिसत का नाही, असे विचारणाऱ्या मुलीस पत्र

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम आणि आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वसतिगृहातील तुझी मैत्रीण चैत्रात घरच्यांबरोबर पायी सप्तशृंगीच्या गडावर जाऊन आली आणि तिने सहज विचारले की, आम्ही एवढ्या उन्हात चालत जाऊन निदान देवीचे दर्शन तरी घेऊन येतो, तुमच्या चर्चमध्ये तर समोर नुसती भिंत असते, मग तुम्ही पाहता तरी कोणाकडे? तुला उत्तर सुचले नाही, आणि आता तो प्रश्न तिचा न राहता तुझाच झाला आहे, असे तू लिहितेस. त्यात लाजण्यासारखे काही नाही. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने देवाला पाहण्याचा हाच हट्ट परमेश्वरापाशी धरला होता आणि शिष्य फिलिप्प याने प्रभू येशूपाशी. दोघांपैकी कोणालाही अविश्वासू ठरवून दूर लोटण्यात आले नाही. तुझ्या मैत्रिणीच्या पायाला आलेले फोडही त्याच ओढीचे आहेत, तेव्हा तिला एखादे वचन फेकून गप्प करण्याचा विचार मनात असेल तर तो आधी काढून टाक.

देव दिसत नाही असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा असे धरून चालतो की, तो या जगातच कोठेतरी आहे आणि आपल्या नजरेस पडू नये अशा बेताने दडून बसला आहे. शास्त्राची समजूत निराळी आहे. शलमोन राजाने मंदिर बांधून पूर्ण केले त्या दिवशीच्या प्रार्थनेत तो स्वतःच म्हणतो की, आकाश आणि आकाशापलीकडचे आकाशही ज्याला पुरत नाही, तो मी बांधलेल्या या घरात कसा मावणार. सातपुडा, तापी, रात्रीचे तारे ही सगळी निर्मिती. तिच्या यादीत आणखी एक नाव म्हणून निर्माणकर्त्याचा शोध घेतला तर तो सापडणार नाहीच. यशया संदेष्टा मात्र आपल्या पुस्तकाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात त्याला स्वतःला गुप्त राखणारा देव म्हणतो, हेही मी तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणजे न दिसण्यात त्याच्या स्वरूपाचा भाग आहे आणि त्याच्या इच्छेचाही आहे. तुझा खरा प्रश्न या इच्छेविषयी आहे.

याचे जे उत्तर तरुणांच्या शिबिरांत हमखास मिळते, ते तूही ऐकले असशील: देव डोळ्यांसमोर उभा राहिला असता तर माणसाला निवडीचे स्वातंत्र्य उरले नसते. या उत्तरात तथ्य आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा दौरा ठरला की गावातला रस्ता एका रात्रीत झाडून निघतो, शाळेच्या भिंतींना चुना लागतो, एरवी कुलूप असलेले आरोग्य उपकेंद्र सकाळी आठलाच उघडते, आणि साहेबांच्या गाडीची धूळ खाली बसते न बसते तोच सगळे पूर्ववत होते. असली दौऱ्यापुरती भक्ती देवाला नको आहे, हे मला मान्य आहे. तरीही हे उत्तर मला अर्धेच पटते, कारण त्यात एक गोष्ट न तपासताच गृहीत धरलेली आहे: देव दिसला की माणसे वाकतील, निदान भीतीने तरी वाकतील.

शास्त्रातला इतिहास तसे दाखवत नाही. सिनाय डोंगराच्या पायथ्याशी इस्राएल लोकांनी धूर पाहिला, अग्नी पाहिला, डोंगर हादरताना पाहिला आणि आज्ञा उच्चारणारा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला. पुढे मोशे चाळीस दिवस डोंगरावर राहिला, तेवढ्या अवधीत त्याच लोकांनी कानातले सोने काढून दिले आणि मोशेचा भाऊ अहरोन याच्याकडून पूजेसाठी वासरू ओतवून घेतले. तेही त्याच डोंगराच्या पायथ्याशी. प्रभू येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराचेही तसेच. चार दिवस कबरेत असलेला माणूस चालत बाहेर आला, हे पाहून पुष्कळांनी विश्वास ठेवला, परंतु मुख्य याजकांची मसलत अशी ठरली की आता लाजरालाही मारून टाकावे. योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात हे वाक्य इतक्या सहज लिहिले आहे की वाचताना आपण पुढे निघून जातो; तू तेथे थोडी थांब. पुरावा खोटा आहे असे ते म्हणत नाहीत, पुराव्यालाच कबरेत परत पाठवू पाहतात. तेव्हा दिसल्याने विश्वास बसतो हा आपला हिशेबच कच्चा आहे, आणि देव त्या हिशेबाप्रमाणे वागत नाही म्हणून त्याला दोष देण्याआधी तो हिशेब पुन्हा एकदा मांडला पाहिजे.

आता मोशेकडे येतो, कारण या विषयावर निर्गम या पुस्तकाच्या तेहतिसाव्या आणि चौतिसाव्या अध्यायांइतके खोल असे मला दुसरे काही सापडलेले नाही. मोशे म्हणतो, तुझे तेज मला दाखव. परमेश्वर सांगतो की माझे मुख पाहून मनुष्य जिवंत राहू शकत नाही. मग तो त्याला खडकाच्या कपारीत ठेवतो, जवळून जाताना आपल्या हाताने झाकतो आणि केवळ पाठमोरा दिसू देतो. येथे न दिसणे ही शिक्षा नाही, ते संरक्षण आहे. झाकणारा हात वाचवण्यासाठी पुढे आलेला आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मोशेने मागितले तेज, आणि परमेश्वराने कबूल केले ते असे की, मी माझे सर्व चांगुलपण तुझ्यापुढून चालवीन आणि माझे नाव तुझ्यासमोर उच्चारीन. प्रत्यक्ष प्रसंगाचे वर्णन चौतिसाव्या अध्यायात येते, तेव्हा रंग, आकार, उंची, चेहरा यांचा एक शब्दही तेथे नाही. आहे ते असे: परमेश्वर दयाळू आहे, कृपाळू आहे, मंदक्रोध आहे, अन्यायाची क्षमा करणारा आहे, आणि अपराध्याला मोकळे न सोडणाराही आहे. देव कसा दिसतो हे मोशेला कळलेच नाही. देव कसा आहे, हे मात्र त्याला त्याच्या आधीच्या कोणाहीपेक्षा जास्त कळले. तुला या दोहोंपैकी खरोखर कशाची भूक आहे, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचार.

आपल्या लोकांत योहानाचे एक वचन अर्धेच म्हणण्याची सवय आहे: देवाला कोणीही कधीच पाहिले नाही. पहिल्या अध्यायातील हे अठरावे वचन तेथे संपत नाही. पित्याच्या उराशी असलेल्या एकुलत्या एका पुत्राने त्याला प्रकट केले आहे, असा त्याचा उत्तरार्ध आहे, आणि ख्रिस्ती माणसाचे सगळे म्हणणे त्या उत्तरार्धावर उभे आहे. देव सगुण की निर्गुण, हा वाद आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. तुझ्या मैत्रिणीच्या घरीही तो परिचयाचा असेल. ख्रिस्ती विश्वास त्यात एवढेच म्हणतो की अदृश्य देवाने स्वतःचे एक प्रतिरूप स्वतःच दिले, आणि ते एका माणसाचे जगलेले आयुष्य होते. प्रभू येशू शोमरोनातल्या विहिरीवर दमून बसला, त्याने शिष्यांचे पाय धुतले, त्याला वधस्तंभावर खिळले. त्याच्या गावच्या नासरेथकरांनी त्याला रोज पाहिले होते, आणि ते म्हणाले, हा तर सुतार ना? उलट रोमी शताधिपतीने त्याला केवळ मरताना पाहिले, आणि हा खरोखर देवाचा पुत्र होता असे तो म्हणाला. डोळे दोघांनाही होते.

यावर तू म्हणशील की ते भाग्य त्या काळच्या लोकांचे, मी तर त्याला पाहिले नाही. खरे आहे. पण मी जातो हे तुमच्या हिताचे आहे, असे तोच शिष्यांना म्हणाला होता, आणि मला हे जसजसे वय वाढते आहे तसतसे अधिक पटते आहे. तो आजही देहाने यरुशलेमेत वास करीत असता तर तेथवर पोचणार कोण? ज्यांच्याजवळ पैसा, पासपोर्ट आणि धडधाकट पाय आहेत, ते. नवापूरकडच्या एखाद्या पाड्यावर खाटेला खिळलेल्या म्हातारीने काय करायचे? तो कोठेच दिसत नाही, म्हणून तिलाही तितकाच जवळ आहे.

आणि आता योहानाचे पहिले पत्र उघड. चौथ्या अध्यायाच्या बाराव्या वचनाचा आरंभ तोच आहे: देवाला कोणी कधीही पाहिले नाही. उत्तरार्ध मात्र बदललेला आहे: आपण एकमेकांवर प्रीती केली तर देव आपल्यामध्ये राहतो. शुभवर्तमानात ते वाक्य पुत्राने पूर्ण केले, पत्रात ते पूर्ण करण्याचे काम मंडळीकडे, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाकडे, सोपवलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आले. चिंचपाड्याचा मिशन दवाखाना तू लहानपणापासून पाहत आली आहेस. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या वेदनेने कळवळणाऱ्या पोराजवळ रात्रभर बसणारी परिचारिका त्या पोराला देवाविषयी जे सांगते, ते मला उपदेशातून सांगता येत नाही. याची दुसरी बाजूही लिहितो, कारण तू ती पाहिली आहेस: मंडळीच्या कमिटीच्या निवडणुका, जागेचे वाद, एका बाकावर न बसणारी दोन घराणी. देव दिसत नाही याची काही कारणे त्याच्या पवित्रतेत असतील, पण काही आमच्यात आहेत.

तुझ्या पत्राच्या शेवटी, जणू जाता जाता, एक ओळ आहे: आजी अंथरुणाला खिळल्यापासून प्रार्थना छताच्या वर जात नाही असे वाटते. बाळ, हा प्रश्न मैत्रिणीच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे, आणि वर लिहिलेले काहीही त्याचे उत्तर नव्हे. डोळ्यांना न दिसणे एक, आणि हाक मारूनही कोणी नाही असे वाटणे दुसरे. सगळे गमावलेला ईयोब आपल्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात म्हणतो की, मी पुढे गेलो तर तो तेथे नाही, मागे वळलो तर दिसत नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. आणि लगेच पुढे म्हणतो की माझा मार्ग मात्र त्याला ठाऊक आहे. त्याला दिसत नव्हते, पण आपण कोणाच्या तरी नजरेत आहोत हे त्याने सोडले नाही. हागारेनेही रानात देवाला जे नाव दिले, ते पाहणारा देव असे दिले. आणि ती तर घरातून पळालेली एक दासी होती. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात एवढाही आधार नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही प्रार्थनेच्या पुस्तकातून ते कोणी काढून टाकले नाही. प्रभूनेही वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य उच्चारले, ज्यात देवाने आपल्याला का सोडले, असा प्रश्न आहे.

म्हणून आजीजवळ बसशील तेव्हा विश्वासाचे मोठे शब्द जमवण्याच्या खटपटीत पडू नकोस. तिला ऐकावेसे वाटले तर ही स्तोत्रे हळू वाच, नको म्हणाली तर नुसती बस. रात्री जे वाटेल ते, तक्रारच असली तरी, देवालाच उद्देशून बोल. त्याच्याविषयी माझ्याजवळ बोलण्यापेक्षा ते बरे. मेच्या सुट्टीत इकडे आलीस की निर्गमाचे ते दोन अध्याय आपण एका बैठकीत वाचू, आणि माझे कोठे चुकते असे वाटले तर तेथेच अडव.

तुझा,
काका