वजन उतरेपर्यंत झोपेची तपासणी लांबवू नका

घोरणं, सकाळी जड डोकं, दुपारी बसल्या जागी डोळा लागणं, गोळ्या वाढवूनही न हटणारं बीपी, आणि यावर डॉक्टरांचं एकच उत्तर, "आधी वजन कमी करा". तुम्ही लिहिलेला हा त्रास वाचून राहवलं नाही, कारण माझंही अगदी असंच चाललं होतं. आहार-व्यायामाचं तुम्ही ऐकलेलंच असणार, ते सोडून देते.

मी वजन कमी करण्याच्या ज्या केंद्रात जात होते तिथे दर खेपेला वजनकाटा, मापाची टेप आणि बोलणी. झोप कशी लागते, हे कुणी विचारलं नाही. मी घोरण्याचा विषय काढला की "वजन उतरलं की तेही जाईल". पण झोपेत श्वास अडकत असेल (स्लीप अ‍ॅप्निया) तर रात्रभर ऑक्सिजन घसरत राहतो, झोप तुटते, बीपी चढतं, आणि झोप अपुरी पडली की भूकही वाढते. अशा पेंगुळलेल्या माणसाने व्यायाम करायचा तरी कसा? वर आळशी म्हणून शिक्का त्याच्यावरच. याचा मला आजही संताप येतो.

म्हणून स्लीप स्टडी, म्हणजे रात्री झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, मागून घ्या. बऱ्याच जणांची ती घरीही होते. श्वास तासाला 5 पेक्षा कमी वेळा अडकत असेल तर ठीक, 15 पासून मध्यम, 30 च्या पुढे तीव्र. सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) सांगितलं तर घाबरू नका. त्याने वजन उतरत नाही, काहींचं थोडं वाढतंही. पण दिवसा जाग राहते, आणि माझ्या मते बाकी सगळं तिथूनच सुरू होतं. तोवर पेंग येत असताना गाडी अजिबात चालवू नका.

चालू औषधांची यादीही दाखवा. स्टिरॉइड, इन्सुलिन, ओलान्झपिन (मानसिक आजारावरचं औषध), व्हॅल्प्रोएट (फिट्सवरचं औषध) यांनी वजन वाढू शकतं. मात्र स्वतःहून काही बंद करू नका. मी डॉक्टर नाही, अनुभवाचं बोलतेय.

भूक कमी करून वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनचं तुम्ही विचारलंत. गुण येतो, पण थांबवलं की बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं, हे धरूनच ठरवा. झटपट वजन उतरवणाऱ्या पॅकेजच्या नादी तर लागूच नका, पित्ताशयात खडे होऊ शकतात. 5 ते 10 टक्के वजन उतरलं तरी बीपी आणि साखरेत फरक पडतो.

घरातल्या कुणाला तरी तुमच्या झोपेचा व्हिडिओ काढायला सांगा. श्वास थांबलेला त्यात दिसला, तर पुढच्या भेटीत तोच आधी दाखवा.