न्यूझीलंडला निघालीस ना, मग हे ऐक

भारतातून ऑकलंडला थेट विमान नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून आधी दिल्ली किंवा मुंबई, तिथून बहुतेक सिंगापूर आणि मग पुढे. मध्ये एक रात्र हातात ठेव गं. माझं नागपूरचं विमान धुक्यात अडकलं, तिकिटं वेगवेगळी काढलेली, पुढचं विमान गेलं आणि पैसेही बुडाले.

आता सामान, यातच खरी मेख आहे. संत्री नेऊ नको, मावशीनं कितीही प्रेमानं बांधून दिली तरी. बॅगेत विसरलेल्या एका फळापायीही तिथे जागेवरच 400 डॉलर दंड होतो. संत्रा बर्फी, मसाले, चिवडा, जे खायचं असेल ते उतरताना जाहीर कर. सांगितलेलं फार तर काढून घेतील, दंड होणार नाही. बुटांना रामटेकची माती असेल तर घासून, धुऊन, वाळवून ने, बुटांचे तळही तपासतात.

घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात. म्हणून टूरच्या एक दिवस आधी पोच. पहिल्या दुपारी कितीही डोळे मिटले तरी झोपू नको, उन्हात फिर. रात्री नीट झोप लागेल.