बालवाडीची खोली मांडायची? आधी गुडघ्याखालचं माप घे

प्रश्न: मी बार्शीत बारावी कला शाखेत शिकते. बाबांचा सुतारकामाचा कारखाना आहे, माझी चित्रकला चांगली आहे. मला बालवाड्यांचं फर्निचर आणि खोल्यांची मांडणी करायची आहे. घरचे म्हणतात, भिंतीवर कार्टून काढायला डिग्री कशाला? काय शिकू?

उत्तर: कार्टूनसाठी डिग्री लागत नाही, हे घरच्यांचं बरोबरच आहे. पण खोली मांडायची तर मुलांच्या शरीराची आणि हालचालींची जाण लागते, आणि ती शिकूनच येते. घरात कारखाना असल्यामुळे तुझी निम्मी वाट सोपी झाली आहे.

सुरुवात खुर्चीपासून कर. मोठ्यांची खुर्ची सगळीकडून थोडी थोडी कापली की लहान मुलांची होते, असं अनेक कारागीर धरून चालतात. मग बैठक खोल राहते, मूल पुढे घसरतं, पाय लोंबकळतात आणि दहा मिनिटांत ते उठून पळतं. आपण म्हणतो, लक्षच नाही! मूल पाय टेकून बसलं की टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजायचं, तीच बैठकीची उंची. युरोपीय मानकात साधारण 3-4 वर्षांसाठी बैठक 26 सेंमी आणि टेबल 46 सेंमी धरतात, त्यापुढच्या मापात 31 आणि 53. हे आकडे अंदाजासाठी ठेव. आपल्याकडची मुलं स्वतः मोज. बऱ्याच बालवाड्यांत मुलं सतरंजीवरच बसतात. तिथे खुर्च्यांचा आग्रह नको, बुटकं चौरंगासारखं टेबल पुरतं.

दुसरी वस्तू म्हणजे उघडं कपाट, आणि माझ्या मते खोलीतली सगळ्यात महत्त्वाची. उंची 70-75 सेंमी, पुढून मागे खोली 30 सेंमी, कप्पे दोन किंवा तीन, एका ट्रेमध्ये एकच साहित्य. मूल स्वतः काढतं, खेळतं, परत ठेवतं. बंद कपाट केलं की प्रत्येक मणी ताईंकडे मागावा लागतो. मुलं कपाटावर चढणारच, म्हणून ते वरच्या बाजूला एल-पट्टीने भिंतीला पक्कं करायचं. 18 मिमी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय वापर. साधा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) फरशी पुसताना पाणी पितो आणि तळाशी फुगतो. कडा गोल कर, स्क्रूचं टोक कुठे बाहेर येत नाही ना ते बोट फिरवून बघ. चढण्या-खेळण्याच्या वस्तूंत 9 ते 23 सेंमीची फट ठेवू नकोस, कारण अंग आरपार जातं आणि डोकं अडकतं. रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण वाच. भारतात घरगुती रंगांसाठी मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 90 भाग, आहे.

या विषयाची मुळं आपल्याकडे खोल आहेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा, साहित्य म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे. कमी पैशांत मांडणी कशी करावी, याचा इतका चांगला अभ्यासविषय तुला दुसरा मिळणार नाही.

आता शिक्षण. कला शाखेतून यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देता येते (ती जानेवारीत असते, अर्ज त्याआधी काही महिने), त्यातून आयआयटी मुंबईच्या बी.डेस.चा (डिझाइनची पदवी) मार्ग खुला होतो. एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्था) परीक्षा वेगळी. तिथे पदवीनंतर खेळणी आणि खेळ रचनेचं एम.डेस.ही आहे. आर्किटेक्चरला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, म्हणून तो विचार सोडून दे. प्रवेश मिळाला नाही तर इंटिरियर डिझाइनचा पदविका अभ्यासक्रम कर, पण जिथे वर्कशॉप खरोखर चालतं तिथेच.

व्यवसायाचं गणितही आत्ताच कळलेलं बरं. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे बसवण्याचं काम एप्रिल-मेमध्ये कोंबलं जातं. ऑर्डर आणि आगाऊ रक्कम फेब्रुवारीपर्यंत हातात हवी. तीन महिन्यांनी स्क्रू आवळायला परत जाण्याचा खर्च कोटेशनमध्ये धर. पहिल्या वर्षी पूर्ण खोलीचं काम सहसा मिळत नाही, एखादं कपाट मिळतं.

या सुट्टीत जवळच्या अंगणवाडीतला एकच कोपरा घे. दोन सकाळी नुसतं बस: मुलं कुठे अडखळतात, कुठे गर्दी होते, ताईंना कोणता कोपरा दिसत नाही, ते लिही. मग दहा-बारा मुलांची मापं, एक स्केच, बाबांकडून बनवून घेतलेलं एक कपाट, आणि महिन्याभराने त्याचं काय झालं त्याची नोंद. डिझाइनच्या मुलाखतीत हेच दाखव. मापं घ्यायला ताईंची आणि पालकांची परवानगी आधी घे, आणि फोटोत मुलांचे चेहरे येऊ देऊ नकोस.