सेंट लुईसच्या आर्चवरून हेलिकॉप्टरची फेरी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये आई-वडील पुण्याहून शिकागोला येतायत, तिथून गाडीनं दोन दिवस सेंट लुईसला यायचा बेत आहे. तर आर्चवरची, म्हणजे तिथल्या नदीकाठच्या उंच पोलादी कमानीवरची, हेलिकॉप्टरची फेरी पैसे वसूल आहे का, आईचे गुडघे दुखतात तर तिला जमेल का, आणि हे प्रकरण धोक्याचं तर नाही ना.

मी बारा वर्षं इथं राहतोय. इथं राहणाऱ्यांना आर्चचं अप्रूप नसतं, पाहुणे आले की तेवढं जायचं. हेलिकॉप्टरमध्ये मीही एकदाच बसलो, बाबा सांगलीहून आले होते तेव्हा. माझं उत्तर सरळ आहे. फेरी घ्या, पण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत छोटी घेऊ नका. ती काही मिनिटांत संपते. मोबाइल काढून कॅमेरा चालू करेपर्यंत तुम्ही परत तराफ्यावर उतरलेले असता.

हो, तराफ्यावर. आम्ही गेलो तेव्हा हेलिपॅड नदीकाठी नव्हतं, नदीतच होतं. आर्चच्या पायथ्याशी मिसिसिपीत तरंगता तराफा बांधलेला, त्यावर हेलिकॉप्टर. हे आधी सांगायचं कारण आईचे गुडघे. गाडी लावून नदीपर्यंत उतरताना जुन्या धक्क्याची दगडी फरसबंदी लागते, चांगली उताराची आणि खडबडीत. शिवाय नदीची पातळी खाली गेली की तराफाही खाली जातो आणि त्यावर जायचा पूल घसरगुंडीसारखा तिरका होतो. आईला हाताला धरून न्या, वेळ हाताशी ठेवा. हेलिकॉप्टरमध्ये चढायला मात्र एकदाच पाय उंच उचलावा लागतो, बाकी बसूनच काम. साडी नको, पंजाबी ड्रेस घालू दे. पंख्याच्या वाऱ्यात पदर सांभाळणं कुणाच्या बापाला जमत नाही.

गंमत म्हणजे, दुखऱ्या गुडघ्यांना आर्चच्या आतून वर जाण्यापेक्षा हेलिकॉप्टर सोपं पडतं. आर्च आतून पोकळ आहे आणि तिच्या पायातून छोट्या डब्यांची ट्राम वर जाते. एका गाडीला आठ डबे, एका डब्यात पाच माणसं, दार जेमतेम चार फुटांचं. वाकून आत शिरायचं आणि एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून चार मिनिटं बसायचं. वर-खाली मिळून बऱ्याच पायऱ्याही आहेत. माथ्यावर दोन्ही बाजूंना सोळा-सोळा खिडक्या आहेत, पण एवढ्याशा, की कठड्यावर पोट टेकून आडवं व्हावं तेव्हा खाली दिसतं. हवा स्वच्छ असेल तर तीस मैलांपर्यंत नजर जाते. पण तिथून जी एक गोष्ट दिसत नाही ती म्हणजे खुद्द आर्च!

ती हेलिकॉप्टरमधून दिसते, आणि माझा तरी अपेक्षाभंगच झाला. जमिनीवरून पाहिलं की ही कमान रुंदीपेक्षा कितीतरी उंच वाटते. प्रत्यक्षात उंची 630 फूट आणि दोन पायांमधलं अंतरही 630 फूटच. खालून डोळा फसतो. हेलिकॉप्टर माथ्याच्या बरोबरीला आलं की हा भ्रम जातो आणि समोर उरते एक नीटस, थोडी बुटकी, चकचकीत पोलादी कमान. आणखी वर गेलं की ती कडेवरून दिसायला लागते, आणि मग तर दाभणाएवढी. हातात साखळीची दोन टोकं धरून ती लोंबकळू दिली की जो आकार येतो, तो उलटा केला की ही कमान. फक्त साखळी सगळीकडे सारख्या जाडीची नाही. पाय जमिनीपाशी 54 फुटांच्या बाजूचे त्रिकोण आहेत, माथ्यापाशी ते 17 फुटांवर येतात. हे निमुळतेपण वरून छान कळतं, ते मान्य.

बाबांनी हेडसेटवर पायलटला पहिलाच प्रश्न विचारला, “यातून आरपार नेत नाही का?” पायलट हसला. त्याला हे रोज विचारत असणार. कमान पूर्ण व्हायच्या आधीच, 1965 च्या जूनमध्ये, सरकारी विमान वाहतूक खात्यानं ताकीद दिली होती की जो कुणी मधून विमान काढेल त्याला दंड होईल आणि परवाना जाईल. शेवटचा तुकडा 28 ऑक्टोबर 1965 ला बसला. त्या दिवशी उन्हानं एक पाय प्रसरण पावला, म्हणून अग्निशमन दलाच्या नळांनी पाणी मारून तो थंड केला आणि मग तुकडा मधे घातला. आणि 1966 च्या जूनमध्ये एकानं मधून विमान काढलंच. पुढंही काही जणांनी काढलं.

बाबांना हा किस्सा इतका आवडला की त्यांनी पायलटकडून आणखी एक काढून घेतला. आर्चचा आराखडा एरो सारिनेनचा. त्याचे वडील एलिएल हेही नावाजलेले वास्तुविशारद, आणि दोघांनी त्याच स्पर्धेत वेगवेगळे आराखडे पाठवले होते. निवडीची तार आली ती चुकून वडिलांच्या नावानं. घरात वडिलांचं अभिनंदन झालं, मग चूक कळल्यावर मुलाचं. त्या एरोनं स्वतः कमान पाहिली नाही. तो 1961 मध्ये गेला, बांधकाम 1963 ला सुरू झालं. बाबा यावर काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघून मान हलवली.

आता लांबची फेरी का घ्या, ते सांगतो. या शहरावर उडायचं ते नदीसाठी. काठावरून मिसिसिपी म्हणजे एक रुंद, मातकट, काहीशी कंटाळवाणी नदी. वरून कळतं की ती रस्ता आहे. प्रत्येकी 195 फूट लांब आणि 35 फूट रुंद बार्जेस, म्हणजे सपाट मालवाहू होड्या, एकमेकींना तारांनी बांधलेल्या, आणि मागून एकच बोट सगळ्या ढकलतेय. एका बार्जमध्ये साधारण दीड हजार टन सोयाबीन किंवा मका मावतो. शहराच्या उत्तरेकडून येताना लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दोन दारांमधल्या अरुंद कप्प्यातून, जावं लागतं, म्हणून पंधराच बार्जेसचा ताफा असतो. सेंट लुईसच्या खाली थेट समुद्रापर्यंत एकही लॉक नाही, त्यामुळे इथं ताफे सोडून पुन्हा बांधतात आणि दक्षिणेला तीस-तीस, चाळीस-चाळीस बार्जेस एकत्र निघतात. हे बांधणं-सोडणं काठावरून दिसतं पण उमगत नाही. वरून पाहिलं की पत्त्यांचा डाव मांडल्यासारखं स्पष्ट दिसतं.

आर्चच्या उत्तरेला लगेच ईड्स पूल आहे. 1874 चा. एवढा मोठा पूल पोलादाचा बांधता येतो यावर तेव्हा लोकांचा विश्वास नव्हता, म्हणून उद्घाटनाआधी त्यावरून हत्ती चालवून दाखवला. हत्ती कच्च्या पुलावर पाय ठेवत नाही ही समजूत तिथंही होती म्हणायची.

आमची फेरी उत्तरेला चेन ऑफ रॉक्सच्या जुन्या पुलापर्यंत गेली. हा पूल नदीच्या मधोमध चक्क वळतो. पूर्वी यावरून रूट 66 हा नावाजलेला महामार्ग जायचा, आता फक्त चालणारे आणि सायकलवाले जातात. पुलाच्या खालच्या अंगाला नदीत दोन छोटे किल्ले उभे आहेत, शहराला पाणी घेण्यासाठी बांधलेले बुरूज. आणि त्याच्या पुढे, आर्चपासून साधारण पंधरा मैल वर, मिसुरी नदी येऊन मिसिसिपीला मिळते. आम्ही तिथवर गेलो नाही, पण हवा स्वच्छ होती. लांबून दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी चाललेलं दिसलं, एक गढूळ तपकिरी आणि एक त्यामानानं हिरवट. बाबा म्हणाले, “हरिपूरला वारणा येऊन मिळते तसंच की रे.” मग जरा थांबून, “फक्त दसपट.”

आणि सांगलीकराच्या तोंडून जो प्रश्न येणारच होता तो आला. “इथं पाणी कितीवर गेलं की धोका?” आमच्याकडे पावसाळ्यात माणूस भेटला की तब्येतीआधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते विचारतात. 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 ला ते 57 च्या वर गेलं. त्या वेळी मी इथून रात्रभर फोन करत होतो. पायलटला आकडे तोंडपाठ होते. इथं 30 फुटांना पूर आला असं धरतात, आणि 1 ऑगस्ट 1993 ला पाणी 49.58 फुटांवर गेलं होतं. आर्चसमोरच्या भव्य पायऱ्या अर्ध्याअधिक बुडाल्या होत्या. बाबा समाधानानं म्हणाले, “म्हणजे आमच्याइतकं नाही.” दोन्हीकडच्या मोजपट्ट्यांचं शून्य वेगळ्या ठिकाणी धरलेलं असतं, त्यामुळे अशी तुलना होत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता कामाचं. जूनमध्ये येताय म्हणजे बेसबॉलचा हंगाम. आर्चपासून चार पावलांवर बुश स्टेडियम आहे. अमेरिकेत नियम असा की तीस हजारांहून जास्त आसनांच्या मैदानात मोठा सामना असेल तर सामन्याच्या एक तास आधीपासून संपल्यावर एक तासापर्यंत तीन सागरी मैलांच्या परिघात, तीन हजार फुटांखाली, खास परवानगीशिवाय कुणी उडायचं नाही. आम्हाला हे माहीत नव्हतं. दुपारची वेळ घेतली, लाल टी-शर्ट घातलेल्या गर्दीतून वाट काढत नदीवर पोचलो, तर खिडकीवरची मुलगी म्हणाली की आज संध्याकाळपर्यंत काही नाही. पैसे बुडाले नाहीत, दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. पण तुमच्याकडे दोनच दिवस आहेत. कार्डिनल्स या इथल्या बेसबॉल संघाचं वेळापत्रक आधी बघा, मग फोन करून फेऱ्या चालू आहेत ना आणि कोणत्या वेळेला, हे विचारून घ्या. संघ गावाबाहेर खेळत असेल ते दिवस उत्तम.

सकाळची वेळ धरा. आर्च नदीच्या पश्चिम काठावर आहे आणि तिचे पाय उत्तर-दक्षिण. सकाळी ऊन नदीकडून तिच्यावर पडतं, म्हणजे तुम्ही नदीवर असताना सूर्य पाठीशी आणि पोलाद झगमगतंय. संध्याकाळी तिची सावली नदीत पडते, तेही छान, पण फोटोत नुसती काळी रेघ येते. शिवाय जूनच्या दुपारी जमीन तापली की हवा उसळ्या मारते, आणि ज्याला घाट लागतो त्याला हेलिकॉप्टरही लागतं. कपडे गडद घाला. पांढरा शर्ट असला की काचेत तोच दिसतो.

तिकीट घेताना वजन विचारतात आणि नंतर काट्यावर उभंही करतात. खोटं सांगू नका! लहान हेलिकॉप्टरमध्ये पायलट धरून चारच माणसं बसतात. कोण कुठं बसणार हे वजनावर ठरतं, हौसेवर नाही. आम्ही तिघं होतो. मला पुढं बसायचं होतं, बसवलं माझ्या मुलाला. हेलिकॉप्टरमध्ये पायलट उजवीकडे बसतो, त्यामुळे पुढची मोकळी जागा डावी. उत्तरेकडे जाताना आर्च डावीकडेच असते, म्हणजे डावी बाजू मिळाली तर सोनंच. तुम्ही चौघं असाल तर बहुधा दोन फेऱ्या होतील. आई-वडिलांना एकत्र बसवा आणि त्यांच्याबरोबर तुमच्यापैकी एक जण, हेडसेटमधलं इंग्रजी समजावून सांगायला.

धोक्याचं म्हणाल तर, नाही असं कसं म्हणू. एप्रिल 2025 मध्ये न्यूयॉर्कला हडसन नदीत असंच पर्यटकांचं हेलिकॉप्टर पडून सहाच्या सहा जण गेले. मार्च 2018 मध्ये तिथंच ईस्ट नदीत एक उतरवावं लागलं, ते उलटलं आणि पाच प्रवासी बुडाले. दारं काढलेली होती आणि पट्टे असे बांधलेले की वेळेत सुटले नाहीत. म्हणून दारं काढून उडवतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा, फोटो कितीही भारी येत असले तरी. दुसरं असं, की जिथून उडालं तिथंच उतरणाऱ्या, पंचवीस मैलांच्या आतल्या सहलींना इथं प्रवासी विमानसेवेपेक्षा ढिले नियम लागू असतात. त्यामुळे कंपनी किती वर्षं चालतेय, अपघात झालाय का, हे आधी शोधून बघण्यात कमीपणा नाही. आम्हाला कमरेला लाइफ जॅकेटची पिशवी बांधली, ती कशी उघडायची ते दाखवलं आणि पट्टा स्वतः सोडून दाखवायला लावला. बाबांनी दोनदा सोडून दाखवला. असं काही न करता कुणी घाईत बसवायला लागलं तर मी उतरेन.

आणि ढग किंवा वाऱ्यामुळे फेरी रद्दच झाली तर आई-वडिलांना घेऊन पूल ओलांडून इलिनॉयच्या बाजूला जा. ईस्ट सेंट लुईसमध्ये माल्कम मार्टिन पार्क आहे. तिथं नदीकडे तोंड करून एक उंच सज्जा बांधलाय, त्यावर जायला पायऱ्या नाहीत, हळूहळू चढणारा उतार आहे. समोर नदी, पलीकडे आर्च आणि तिच्यातून दिसणारं अख्खं शहर. पोस्टकार्डावर असतो तो फोटो तिथूनच येतो. थर्मासमध्ये चहा न्या, आसपास काही मिळत नाही.