स्लिकरॉकची वाट एका दिवसात झेपेल का?

प्रश्न : मी डेन्व्हरला नोकरी करतो आणि हौसेने माउंटन बाइक चालवतो. अमेरिकेच्या युटा राज्यातील मोआब गावची स्लिकरॉक ही खडकावरची सायकलवाट मला एका दिवसात झेपेल का?

उत्तर : झेपेल, मात्र सुमारे १७ किलोमीटर हा आकडा पाहून गाफील राहू नका. नाल ठोकलेल्या घोड्यांचे पाय घसरत म्हणून इथल्या खडकाला ‘स्लिकरॉक’, म्हणजे ‘निसरडा खडक’, हे नाव पडले. रबरी टायर मात्र कोरड्या वालुकाश्माला घट्ट धरतो. उभ्या चढावर सीटच्या टोकाशी सरकून छाती हँडलकडे झुकवावी, म्हणजे पुढचे चाक उचलले जात नाही. खडकावर रंगवलेल्या पांढऱ्या तुटक रेषा सोडू नयेत, कारण बाजूची काळपट, खरबरीत माती सूक्ष्मजीवांनी बांधलेली, जिवंत असते आणि चाकाखाली मोडली की सावरायला तिला अनेक वर्षे लागतात. वाटेत पाणी मिळत नाही. माझे दोन लिटर अर्ध्यातच संपले होते; तुम्ही चार न्या आणि उजाडताच निघा.